बडीशेपेखालची नोट

गेल्या महिन्यात मावशीच्या वाढदिवसाला आम्ही वाशीला जेवायला गेलो. ठाण्यात एवढी हॉटेलं असताना ऐरोली, कोपरखैरणे पार करून वाशीला जाणं हा शुद्ध वेडेपणा, पण मावशीची नोकरी सेक्टर 17 मध्ये झाली आणि तिला तिथलंच काहीतरी खायचं होतं. जेवण झकास झालं. मग बडीशेपेच्या वाटीसोबत ते काळं पाकीट आलं. पदार्थांचे 1,800 रुपये, त्याखाली ‘एस. सी. 10 टक्के’ म्हणून 180, आणि दोन्हीच्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी, 99. एकूण 2,079. मी क्यूआर स्कॅन करून पैसे भरले. मावशीने सवयीने पर्समधून पन्नासची नोट काढली, वाटीखाली अर्धी सरकवली आणि थांबली.

“हे एस. सी. म्हणजे सर्व्हिस चार्जच ना रे? मग टिप तर दिली की आपण. ही कशाची देतेय मी?”

मी तिथे काहीतरी गुळमुळीत बोललो. नोट तशीच वाटीखाली राहिली. पण प्रश्न चोख होता, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर आपण एकाच नावाखाली कोंबलेले तीन प्रकारचे पैसे आधी सुटे करावे लागतात.

पहिला पगार. तो मालक देतो, ठरलेला असतो, आणि अमुक रकमेच्या खाली जायचं नाही असं कायदा बजावतो. दुसरी टिप. ती गिऱ्हाईक देतं, थेट माणसाच्या हातात, मनाला येईल तेवढी. तिसरा सर्व्हिस चार्ज. हाही गिऱ्हाईकच देतं, पण जातो मालकाच्या गल्ल्यात. तिथून तो वेटरपर्यंत किती पोचतो, पोचतो का, हे बिलावर लिहिलेलं नसतं. तो पूर्णपणे कामगारांत वाटलाच पाहिजे असं सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. नाव ‘सेवेचं’ असलं तरी पैसे सेवा करणाऱ्याचेच असतील याची हमी नाही. म्हणजे मावशीचे ते 180 रुपये टिप नव्हते. हॉटेलाने आपलाच दर दहा टक्क्यांनी वाढवला होता, फक्त तो मेनूकार्डावर न छापता शेवटच्या ओळीत.

आणि ते द्यायची सक्तीही नव्हती. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2017 मध्येच सांगितलं होतं की सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग 4 जुलै 2022 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावलीच काढली: हॉटेलाने हा आकार बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाखाली लावायचा नाही, तो देत नाही म्हणून कुणाला आत येण्यापासून अडवायचं नाही, आणि तो बिलात मिळवून वर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलमालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि पावणेतीन वर्षं सगळं जैसे थे. 28 मार्च 2025 ला न्यायालयाने नियमावली कायम केली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. संघटनांनी त्यावर अपील केलं आहे.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. “सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या,” एवढं म्हणायचं. नाहीच काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मी आजवर दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, एक शब्द न बोलता नवं बिल आणलं. (चेहऱ्यावर मात्र पुष्कळ काही होतं.) आमचं वाशीचं बिल असं काढून घेतलं असतं तर 1,800 अधिक 90, म्हणजे 1,890 झालं असतं. फरक 189 रुपयांचा. त्यातले 9 रुपये तर सर्व्हिस चार्जवरचा जीएसटी, म्हणजे द्यायची गरज नसलेल्या पैशांवरचा कर.

टिपेबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्डावर दिलेली टिप हॉटेल गोळा करतं आणि नंतर कर्मचाऱ्यांना देतं, तेव्हा तो पगार होतो का, असा प्रश्न हॉटेलं चालवणाऱ्या आयटीसी कंपनीच्या प्रकरणात आला होता. प्राप्तिकर खात्याचं म्हणणं, होतो, म्हणून त्यावर टीडीएस कापा. 2016 मध्ये न्यायालयाने सांगितलं, नाही होत. टिप गिऱ्हाईक देतं, मालक नाही. मालक मधला पोस्टमन. वेटरच्या दृष्टीने ही वरवर चांगली बातमी आहे, कारण टीडीएस वाचला. पण नाणं उलटं करून बघा. टिप जर पगार नसेल, तर पगारावर जे जे काही अवलंबून असतं त्यातलं काहीच टिपेवर मिळत नाही. सगळी मेख इथे आहे.

नौपाड्यात एक हॉटेल आहे, जिथे मी गेली दहाएक वर्षं रात्री उशिरा चहाला जातो. तिथल्या एका वेटरकाकांशी ओळख झाली आहे. मूळचे गुहागरकडचे, याच हॉटेलात 22 वर्षं. एकदा शटर अर्धं खाली आल्यावरही त्यांनी मला बसू दिलं आणि मी टिपेचं वाटप पाहिलं. गल्ल्याखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दिवसभरात वाट्यांखाली जे सापडेल ते त्यात. रात्री मॅनेजर तो टेबलावर उपडा करतो, नोटा एकीकडे, नाणी दुसरीकडे. मग हिस्से. कॅप्टनचे तीन, वेटरचे दोन, पाणी देणाऱ्या आणि टेबल पुसणाऱ्या पोराचा एक. आत तव्यावर उभा असलेल्या माणसाला अर्धा. मोरीत भांडी घासणाऱ्याला काही नाही.

“त्याला कोण बघतंय?” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठलाही टोमणा नव्हता. ताट लखलखीत होतं म्हणून कुणी मोरीत जाऊन दहा रुपये देत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

त्या रात्री काकांच्या वाट्याला 110 रुपये आले. पूर्वी याहून बरं होतं म्हणाले. आधी 460 चं बिल झालं की पाचशेची नोट यायची, चाळीस रुपये वाटीत राहायचे, आणि अर्ध्या वेळा माणूस ते उचलायचा कंटाळा करून निघून जायचा. आता गल्ल्यावरचा तो स्पीकर खणखणीत आवाजात सांगतो, ‘460 रुपये प्राप्त झाले.’ ना एक रुपया वर, ना खाली. सुट्ट्या पैशांची अडचण गेली आणि तिच्याबरोबर वेटरची कमाईही. काही ठिकाणी वेटर स्वतःचा क्यूआर खिशात ठेवतात. काकांच्या मालकाला ते चालत नाही.

आता पगार आणि टिप यांतला फरक रुपयांत बघू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, ठाण्यातले सरकारी दर म्हणून नाही. दोन वेटर धरू. पहिल्याला पगार 12,000 आणि टिपेचे सरासरी 8,000. दुसऱ्याला टिप शून्य, पगार 20,000. दोघेही घरी वीस हजारच नेतात. मग फरक काय?

पहिला ताप आल्यावर कळतो. कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, नाव असेल तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. महिनाभर टायफॉइडने पडून राहावं लागलं तर दुसऱ्याला साधारण 14,000 मिळतील. पहिल्याला 8,400, आणि टिप अर्थातच बंद, कारण अंथरुणात पडलेल्याला कोण टिप देणार.

पुढचा फरक पीएफचा. मालकाला पगाराच्या 12 टक्के भरायचे असतात. पहिल्याच्या नावाने महिन्याला 1,440. दुसऱ्याच्या नावाने, मालकाने कायद्यातली 15,000 ची मर्यादा धरून हात आखडता घेतला, तरी 1,800. जादा कामाचे पैसे दुप्पट दराने, पण दुप्पट कशाच्या? पगाराच्या. बँकेत कर्ज मागायला गेलं की मॅनेजर पगाराची स्लिप मागतो, बिस्किटांचा डबा नाही.

आणि शेवटी ग्रॅच्युइटी. एका जागी निदान पाच वर्षं काम केलेल्याला नोकरी सोडताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. दहा वर्षांनी निघताना पहिल्या वेटरला 69,231 रुपये. दुसऱ्याला 1,15,385. गंमत अशी की परदेशी हॉटेलांच्या बिलावर ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द टिपेसाठी छापलेला असतो. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने तोच शब्द हक्काच्या पैशांना दिला. एकाच शब्दात सगळा वाद बसलेला आहे: मर्जीने दिलेलं की हक्काचं?

मालक म्हणतील, आकडेमोड सोपी आहे, हॉटेल चालवून बघा. त्यांचं म्हणणं सरसकट खोटं नाही. गोखले रोडवर किंवा घोडबंदरला गाळ्याचं भाडं, गॅस, घरपोच ॲपचं कमिशन. 5 टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलाला स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. सर्व्हिस चार्जच्या बाजूने ते एक मुद्दा मांडतात तो मला खरोखर पटतो: टिप फक्त समोर दिसणाऱ्या माणसाला मिळते, सर्व्हिस चार्ज वाटला तर मोरीतल्या माणसापर्यंतही जातो. बरोबर. पण मग तेवढे पैसे पदार्थाच्या किमतीत घाला आणि मोरीतल्या माणसाचा पगार वाढवा. पनीर 320 ऐवजी 352 ला विका. त्याला कुणाची ना नाही, कोर्टाचीही नाही.

ते का होत नाही? कारण शेजारचा 320 लाच विकत असतो. ही भीती पोकळ नाही. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मायर या नावाजलेल्या हॉटेलवाल्याने 2015 मध्ये आपल्या हॉटेलांतून टिप बंद करायचं जाहीर केलं, किमती वाढवल्या आणि त्यातून पगार द्यायला घेतले. 2020 मध्ये त्याला तो प्रयोग गुंडाळावा लागला. एकट्या दुकानाने प्रामाणिक किंमत छापली की तेच महाग दिसतं. म्हणून हे काम एका भल्या मालकावर सोडून भागत नाही, सगळ्यांना सारखा लागू होणारा खालचा आकडा लागतो. त्याचंच नाव किमान वेतन.

आपल्याकडे त्याचा कायदा 1948 चा. तो ठरावीक उद्योगांनाच लागू होता, पण हॉटेलं त्या यादीत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली आणि किमान वेतन सगळ्याच कामांना लागू झालं. महाराष्ट्रात दर ठरतो तो परिमंडळावर, म्हणजे कामाची जागा कुठल्या भागात आहे त्यावर, आणि कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल यावर. मूळ दरात दर सहा महिन्यांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता मिळवला जातो. यात टिपेचा कुठेही उल्लेख नाही आणि ते फार चांगलं आहे. “पगार कमी आहे, पण इथे टिप मस्त मिळते हां,” हे वाक्य वेटर नोकरीला लागताना हमखास ऐकतो. कायद्यात त्याला काडीची किंमत नाही. जेवणखाण आणि माळ्यावर झोपायची जागा दिली म्हणून मालकाला मनाला येईल ती रक्कम किमान वेतनातून वळतीही करता येत नाही.

या बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा सरस आहोत, निदान कागदावर. तिथून आलेला माझा आतेभाऊ ठाण्यातही वीस टक्के टिप ठेवतो आणि आम्हाला कंजूस समजतो. त्याला वाटतं ही सभ्यता आहे. मुळात तो पगाराचा उरलेला भाग आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला 7.25 डॉलर, पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने 2.13 डॉलर दिले तरी चालतात. बाकीचे टिपेतून भरून निघावेत आणि कमी पडले तर मालकाने भरावेत, असा नियम. हा 2.13 चा आकडा 1991 पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या सात राज्यांनी ही सवलत मानलेली नाही, तिथे वेटरला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं.

यामागचा इतिहास फार सुंदर नाही. तिथलं यादवी युद्ध संपल्यावर पुलमन कंपनीने आपल्या रेल्वेच्या शयनयान डब्यांत गुलामीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय लोक हमाल-सेवक म्हणून घेतले. पगार जेमतेम, भिस्त प्रवाशांच्या टिपेवर. 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारपणाखाली त्यांनी युनियन काढली आणि कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडलं. टिप चांगल्या सेवेची पावती असते म्हणावं, तर तेही तपासून झालं आहे. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन वर्षानुवर्षं यावर संशोधन करत आहेत. सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध त्यांना अगदी क्षीण आढळला. बिल मोठं असलं की टिप मोठी. मी स्वतःला तपासलं तर हे खरं आहे: तोच वेटर, तीच तत्परता, पण नुसत्या चहाला मी पाच ठेवतो आणि थाळीला तीस.

ब्रिटनने मधला मार्ग काढला. 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथे मालकाला टिपेतला आणि सर्व्हिस चार्जमधला एक पैसाही ठेवता येत नाही. सगळा कामगारांना द्यायचा, आणि वाटप कसं करणार याचं धोरण लेखी ठेवायचं. आपल्याकडे असं काही आलं तर आधी त्या बिस्किटांच्या डब्याचा हिशेब कागदावर यावा.

मर्जीच्या पैशाचा हक्क झाला याचं उदाहरण शोधायला इतकं लांब जायलाही नको. आपल्याकडे दिवाळीला घरकाम करणाऱ्या बाईला, वॉचमनला, पेपरवाल्याला पोस्त देतात. ती देणाऱ्याची खुशी. मुंबईच्या गिरणीमालकांनी 1917 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या नफ्यातून कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली, तीही अशीच खुशी होती. कामगार ती दरवर्षीची धरून चालू लागले. 1923 चा बोनस मालकांनी दिला नाही, तेव्हा 1924 च्या सुरुवातीला मोठा संप झाला. चौकशी समितीने निकाल दिला: बोनस हा कामगारांचा हक्क नाही. संप फसला. पण 1965 मध्ये बोनसचा कायदा आला आणि किमान बोनस, आज 8.33 टक्के, हा हक्क ठरला. मर्जीपासून हक्कापर्यंत यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. तेव्हा ‘टिप हा काय हक्क आहे का’ असं कुणी म्हणालं की मला तो 1924 चा निकाल आठवतो.

घरपोच जेवण आणणाऱ्यांची गोष्ट याहून बिकट आहे, कारण त्यांना कायद्याने ‘कामगार’ मानायलाच खळखळ आहे. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार, म्हणजे पक्की नोकरी नसलेले, कामागणिक पैसे मिळणारे लोक, असल्याचा अंदाज होता, 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील असंही त्यात म्हटलं होतं. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांच्या निधीसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे आहेत, पण तो निधी झाला, किमान वेतन नव्हे. घोडबंदरच्या आमच्या सोसायटीत चौदाव्या मजल्यावर पिशवी घेऊन येणारा मुलगा सर्व्हिस लिफ्टने येतो, आणि मी फोनवर 20 रुपयांचं बटण त्याचा चेहरा दिसण्याआधीच दाबलेलं असतं. टॅक्सीच्या ॲपवर तर गाडी मिळण्याआधीच टिप मागायची पद्धत सुरू झाली. मे 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावरून उबरला नोटीस दिली. सेवा मिळण्याआधी द्यायची ती टिप कसली, तो लिलाव.

मग मावशीने ती पन्नासची नोट ठेवायची की नाही? ठेवायची. रोख, आणि त्याच माणसाच्या हातात. सर्व्हिस चार्ज मात्र काढून घ्यायचा, आणि वाचलेल्या पैशातले थोडे त्या नोटेत मिळवायचे. हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “एवढं बोलण्यापेक्षा तेव्हाच सांगितलं असतंस तर 189 रुपये वाचले असते.”

परवा काकांना ग्रॅच्युइटीचा हिशेब सांगत होतो. त्यांनी पीएफचं खातं आहे म्हणून सांगितलं, पण उघडून कधी बघितलं नव्हतं. एका जुन्या स्लिपवरून पीएफचा यूएएन नंबर मिळाला. मोबाइलवर ओटीपी आला, तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पासबुक उघडलं. काकांच्या हातात महिन्याला 15,000 येतात. पासबुकात पगाराच्या रकान्यात 9,000 होते.

“बाकीचे सहा?”

“ते वरचे म्हणून पाकिटात देतात.”

मी टिश्यू पेपरवर मांडून दाखवलं. 22 वर्षांची ग्रॅच्युइटी 15,000 वर 1,90,385 होते. 9,000 वर 1,14,231. काकांनी चष्मा पुसून दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग मोबाइल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, या स्क्रीनचा फोटो कसा काढतात. मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पाठवायचा होता.